उंदीर पडले की गाव उठायचं

१८९६ चा पावसाळा संपत आला होता. मुंबईत मांडवी बंदरालगतच्या धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ त्याच गल्ल्यांतल्या चाळींमध्ये माणसं तापाने फणफणली, काखेत नि जांघेत गाठी येऊन काही दिवसांत दगावू लागली. त्याच वस्तीत रुग्ण तपासणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. हा गाठीचा प्लेग आहे असं त्यांनी सप्टेंबरात सांगितलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. प्लेगचा जंतू तोवर सापडला होता. अलेक्झांडर यर्सिन यांनी तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. उंदरातून तो माणसात कसा येतो, हे मात्र कळलेलं नव्हतं. ते कोडं कराचीत काम करणारे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये सोडवलं. मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार शरीर शोधतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. तज्ज्ञमंडळींनी ते मान्य करायला आणखी काही वर्षं घेतली.

खेड्यापाड्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. प्लेग पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रात फिरून फिरून येत राहिला आणि लोकांनी अनुभवातून आपला एक नियम बांधला: घरात उंदीर पडले की घर सोडायचं. ‘उंदीर पडले’ एवढं कानावर आलं की बिऱ्हाडं भांडीकुंडी, दाणागोटा घेऊन निघायची, मळ्यात खोपटं बांधून राहायची आणि साथ ओसरल्यावर परतायची. पिसूचा यात काही संबंध आहे हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. तरीही उपाशी पिसवांनी भरलेल्या घरापासून लांब जाणं हा त्या काळी हाताशी असलेला सर्वांत चांगला उपाय होता आणि लोकांनी तो स्वतःच शोधून काढला होता.

माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोगांचं मूळ प्राण्यांत आहे. नव्याने डोकं वर काढणाऱ्या रोगांत हा वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास जातो. एवढे सगळे रोग पाठ करणं कोणालाच शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. सामान्य माणसाला तीन गोष्टी जमल्या तरी पुष्कळ. जनावराच्या अंगावर दिसणारी खूण ओळखता यावी. ती खूण ज्याला कळायला हवी त्याच्यापर्यंत वेळेत पोचवता यावी. आणि जिथे जनावर काहीच खूण देत नाही, तिथे कशापासून जपायचं ते माहीत असावं. यातली पहिली गोष्ट आपल्या लोकांना चांगली जमते. दुसरी बहुतेक वेळा फसते, आणि ती का फसते हे पाहायला पुन्हा प्लेगकडेच जावं लागतं.

धाकाने माहिती दडते

१८९७ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी वॉल्टर रँड यांची नेमणूक झाली. गोरे सोजीर घराघरांत घुसून झडती घेऊ लागले. आजारी माणसाला उचलून इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, सामानसुमान रस्त्यावर. रोग रोखायचा तर रुग्ण वेगळे करायला हवेत, हा विचार चुकीचा नव्हता. पण ज्या रीतीने ते केलं गेलं त्याचा परिणाम उलटा झाला. लोक तापाचा माणूस लपवू लागले, मेलेला उंदीर गुपचूप टाकून देऊ लागले, मृतदेह घरातल्या घरात पुरल्याच्याही कथा निघाल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ती घटना इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्याआधीचे ते तीन-चार महिने आरोग्याच्या पुस्तकांतही असायला हवेत.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत दुसरंही काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. तिथे लोक आपल्या पायांनी येत किंवा सावित्रीबाई त्यांना स्वतः घेऊन येत. या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास मिळवायचा असेल तर आधी आपण पुढे व्हावं लागतं, हे दोघांनाही कळलं होतं. सरकारी यंत्रणेला ते कळायला फार वेळ लागला.

माकड मेलं, कोणाला सांगायचं?

आता साठ वर्षं पुढे आणि थोडं दक्षिणेला येऊ. १९५७ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोराब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडत असल्याच्या बातम्या आल्या. आसपासच्या गावांतली माणसंही तापाने आजारी होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले, शास्त्रज्ञ तिकडे धावले. त्यांच्या मनात एक धास्ती होती. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ येते तेव्हा आधी जंगलातली माकडं मरतात. आशियात पीतज्वर कधीच नव्हता; तो आला असता तर हाहाकार उडाला असता. तपासाअंती निघाला एक वेगळाच विषाणू, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव मिळालं. लोकांनी त्याला माकडताप म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

नाव माकडाचं असलं तरी माणसाला हा रोग देते ती गोचीड. जंगलातल्या उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांमध्ये आणि गोचिडींमध्ये हा विषाणू एरवी मुक्कामाला असतो. काळ्या तोंडाचं वानर किंवा लाल तोंडाचं माकड गोचीड चावून आजारी पडलं की त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो. त्याचं रक्त पिणाऱ्या शेकडो गोचिडी विषाणूने भरतात. माकड मरतं, अंग गार होतं आणि त्या गोचिडी खालच्या पातेऱ्यात उतरतात. सिमाँ यांनी पिसवांबद्दल जे पाहिलं होतं, जवळपास तेच इथे पुन्हा घडतं. मेलेल्या माकडाभोवतीची जागा म्हणूनच सर्वांत धोक्याची. गोचिडीचं अर्धवट वाढलेलं पिल्लू तिळाएवढंही नसतं. ते चावल्याचं बहुतेकांना कळतही नाही.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम हुडहुडी भरून ताप येतो. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, डोळे लाल होतात, काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक जण बरे होतात. काही जणांना मात्र ताप उतरल्यावर पुन्हा येतो आणि या खेपेला मेंदूवर परिणाम करतो. शंभरांतले तीन ते पाच रुग्ण दगावतात. रोगावर नेमकं औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, वेळेवर इस्पितळ एवढंच हाती असतं. कर्नाटकात अनेक वर्षं एक लस दिली जात होती. तिचा प्रभाव कमी पडत गेला आणि ती वापरातून गेली. नव्या लसीवर काम चालू आहे. एक दिलासा एवढाच की रोग्याजवळ बसल्याने हा ताप दुसऱ्या माणसाला होत नाही.

पन्नासहून जास्त वर्षं हा रोग कर्नाटकातच राहिला. मग २०१२ नंतर तो सह्याद्रीच्या अंगाने दोन्ही बाजूंना सरकताना दिसला: खाली केरळातलं वायनाड, तमिळनाडूतल्या निलगिरीची बाजू; वर २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं पाली गाव, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, त्यानंतर सावंतवाडी तालुक्यातलं बांदा. या सगळ्या भागांत रुग्ण कोण होते, हे पाहिलं की रोगाची वाट समजते. गोव्यात आणि तळकोकणात ते मुख्यतः काजूच्या बागांत राबणारे लोक होते. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. गोचिडीची पिल्लं भुकेली असतात तोही काळ डिसेंबर ते मे-जून. बोंडू झाडाखाली पडतो, तो वाकून वेचावा लागतो आणि बी पिळून काढताना माणूस तासन् तास पातेऱ्यात बसतो. त्यात बोंडू खायला माकडंही तिथेच येतात. गुरं चरायला रानात जातात आणि मोठ्या गोचिडी अंगावर घेऊन गोठ्यात येतात. गुरांना या विषाणूने काही होत नाही, पण गोचिडीची पैदास त्यांच्यावर वाढते.

म्हणजे काय करायचं हे अगदी स्पष्ट आहे. काजूत जाताना लांब बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोचावा, आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचीड दूर ठेवणारं तेल लावावं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून आंघोळ करावी, काखा-जांघा-कानामागे गोचीड आहे का ते पाहावं. अंगावर असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल ओतून किंवा उदबत्तीने चटका देऊन काढू नये. घराभोवतीचा पातेरा हाताने गोळा करणं या महिन्यांत टाळावं. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध मारावं.

हे सगळं सांगूनही एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. रानात मेलेलं माकड ज्याला दिसतं, तो पहिला माणूस कोण? काजू वेचणारी बाई, गुराखी, सरपणाला गेलेला पोरगा. माकड मेल्याची बातमी त्याच दिवशी वनरक्षकाला, आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली, तर त्या जागी गोचीडनाशक भुकटी मारता येते, आसपासच्या वाड्यांना आठ दिवस तिकडे जाऊ नका असं सांगता येतं, तापाचे रुग्ण शोधता येतात. बातमी मिळालीच नाही तर यंत्रणेला कळतं ते पहिला माणूस अत्यवस्थ झाल्यावर. कोकणात अडचण अशी की मेलेलं माकड दिसलं की अनेकांना ते मारुतीचं रूप वाटतं. काही जण हात जोडून त्याला मूठमाती देतात, काही जण फुलं-हळदकुंकू वाहून रीतसर पुरतात. भावनेचा मान ठेवूनच सांगायला हवं: हात जोडा, पण लांबून. हात लावू नका आणि त्याच दिवशी कळवा.

खूण दडवण्यामागचं पोट

गोठ्यातल्या खुणा शेतकऱ्याला रानातल्या खुणांपेक्षाही चटकन कळतात. गाभण म्हैस पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभडली, जार अडकला, गोठ्यातली दुसरी गायही त्याच मार्गाने गेली, तर तो ब्रुसेलोसिस असू शकतो. माणसात याचा ताप चढतो-उतरतो, घाम फुटतो, सांधे-कंबर दुखते आणि हे महिनोन् महिने चालतं. मलेरिया, टायफॉईड, संधिवात असं म्हणत रोगी फिरत राहतो. हा जंतू स्कॉटिश सैनिकी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर शोधला. पुढे १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लिस झामित यांनी दाखवलं, की तो शेळीच्या दुधातून सैनिकांपर्यंत पोचत होता. बराकींत शेळीचं कच्चं दूध बंद केल्याबरोबर ताप उतरणीला लागला.

आपल्याकडे धारोष्ण दुधाचं मोठं कौतुक आहे. पहिलवानाला, बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला निरसं दूध द्यायची पद्धत अजून आहे. दूध उकळून प्यायल्याने त्यातलं प्रथिन-कॅल्शियम कुठे जात नाही. जातात ते ब्रुसेला आणि गुरांच्या क्षयाचे जंतू. गाभडलेल्या जनावराचा जार उघड्या हातांनी ओढणं त्याहून धोक्याचं. गावात हे काम बहुधा घरातल्या बाईकडे किंवा एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याकडे येतं. हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकची जाड पिशवी हाताला बांधावी, नंतर साबणाने कोपरापर्यंत धुवावं आणि जार, मेलेलं वासरू उकिरड्यावर न टाकता चुना टाकून खोल पुरावं. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना या रोगाची लस एकदाच द्यायची असते. केंद्र सरकारच्या २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे.

जनावर अचानक मरून त्याच्या नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय घ्यावा. अशा जनावराचं कातडं सोलू नये, ते कापू नये, मांस वाटू नये. जंतूला उघडी हवा मिळाली की तो कवच धरतो आणि मातीत कित्येक दशकं जिवंत राहतो.

इतकं ठाऊक असूनही शेतकरी गप्प का बसतो? म्हैस गाभडते हे कळलं तर बाजारात तिला कोणी हात लावत नाही, डेअरीत दूध नाकारतील अशी भीती असते. कोंबड्या मरतात हे कळलं तर सगळं खुराडं मारून टाकतील. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा हेच घडलं. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने एच५एन१ ची खात्री केली आणि बाधित फार्मभोवतीच्या तीन किलोमीटरमधले सगळे पक्षी मारले गेले. माणसांत एकही रुग्ण निघाला नाही. कुक्कुटपालनावर उभं असलेलं नवापूरचं अर्थकारण मात्र झोपलं. अशा वेळी भरपाई किती मिळते आणि किती लवकर मिळते, हा आरोग्याचाच प्रश्न असतो. प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने संशयित जनावराची माहिती देणं मालकावर आणि ग्रामपंचायतीवर बंधनकारक केलं आहे. कायदा हवाच. पण खबर देणाऱ्याचं नुकसान आणि दडवणाऱ्याची सुटका अशी गावाची समजूत झाली, तर त्या कलमाचा उपयोग मर्यादितच राहणार.

जी जनावरं काही सांगत नाहीत

प्लेगने उंदीर मरतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मात्र त्याच उंदराच्या मूत्रपिंडात मजेत राहतात, उंदराला काही होत नाही आणि त्याच्या मुतातून ते पाण्यात उतरत राहतात. कुत्रा, डुक्कर, गुरं यांच्याकडूनही हे होतं. इथे जनावराच्या अंगावर खूण नाही. खूण शोधायची ती पावसात आणि चिखलात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. छातीएवढ्या पाण्यातून लोक घरी गेले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोच्या रुग्णांची मुंबईत रांग लागली. तेव्हापासून मुंबईचा डॉक्टर पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला हमखास विचारतो: पाण्यातून चाललात का? पायाला जखम होती का? कोकणात हाच प्रश्न भातलावणीला गेलेल्याला विचारावा लागतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लालभडक डोळे, पुढे कावीळ किंवा लघवी कमी होणं ही याची लक्षणं. लवकर ओळखलं तर साध्या प्रतिजैविकाने बरं होतं. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जातात. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, असं आवाहन मुंबई महापालिका दर पावसाळ्यात करते. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं, म्हणून ते परस्पर घेऊ नये. लावणीच्या दिवसांत पायांच्या भेगांना पट्टी आणि गमबूट मिळाले तर अर्धी लढाई तिथेच होते.

निपाहची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुक्करपालक मेंदूज्वराने मरू लागले. आरोग्य खात्याने त्याला जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारे मारले, लसी टोचल्या. तरी माणसं मरत राहिली. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो. इथे मरत होते डुकरांबरोबर काम करणारे मोठे पुरुष. शिवाय त्यांची डुकरं लांबवर ऐकू जाईल अशी खोकत होती. खुणा समोर होत्या, वाचल्या चुकीच्या गेल्या. शेवटी नवा विषाणू सापडला. तोवर २६५ जणांना लागण होऊन १०५ जण गेले आणि दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. विषाणूचं मूळ घर निघालं फळं खाणाऱ्या वटवाघळांत, आणि वटवाघळाला त्याने काहीही होत नाही. २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडला तो आला. त्यानंतर पुण्याच्या शास्त्रज्ञांना महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांतही निपाहचे पुरावे मिळाले.

ही बातमी आली की पहिली प्रतिक्रिया असते वटवाघळांची झाडं तोडण्याची, गुहेत धूर करण्याची. याने रोग टळत नाही. बिथरलेली वटवाघळं दूरवर पांगतात, आणि ताण आलेल्या प्राण्याच्या लाळेतून-मुतातून विषाणू जास्त पडण्याची शक्यता असते. पक्ष्याने किंवा वटवाघळाने कुरतडलेलं फळ न खाणं, फळ धुऊन-सोलून खाणं आणि गुहेत उगाच न जाणं एवढं पुरेसं आहे.

पंधरा मिनिटं आणि साबणाची वडी

रेबीज या सगळ्यांत वेगळा, कारण लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कोणीही वाचत नाही आणि चावल्याबरोबर नीट उपचार केले तर जवळपास प्रत्येक जण वाचतो. ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस दिली. प्राण्यांपासून होणाऱ्या रोगांचा जागतिक दिन त्याच तारखेला पाळतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आजही जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात, आणि त्यांतली मोठी संख्या मुलांची असते.

पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लसीची चौदा इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत. ती लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली, पण त्या इंजेक्शनांची धास्ती गावात अजून जिवंत आहे. आजची लस दंडात, चार-पाच भेटींत घ्यायची आणि सरकारी दवाखान्यात फुकट असते. लसीच्याही आधी करायचं काम घरच्या न्हाणीत होतं: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. हळद, चुना, तिखट, कॉफीची भुकटी, मंत्रवलेला दोरा यांपैकी कशानेही ते फुटत नाही. तिखट-चुन्याने जखम चिघळते तेवढी. रक्त आलं असेल तर जखमेत प्रतिपिंडांचं इंजेक्शनही घ्यायला लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावं. पिल्लू चावलं, मांजराने ओरबाडलं, घरचाच कुत्रा आहे, ही कारणं सांगून टाळाटाळ करू नये. मुलाने घरी येऊन ‘कुत्रा चावला’ म्हटलं तर आधी रागावू नये. रागाच्या भीतीने मुलं गप्प बसतात आणि पुढे महिना-दोन महिन्यांनी फार उशीर झालेला असतो.

रेबीज हटवता येतो याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात २०१४ पासून राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने दर वर्षी कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचायला सुरुवात केली. लक्ष्य होतं सत्तर टक्के कुत्री, कारण तेवढ्यांना लस मिळाली की साखळी तुटते. सोबत शाळाशाळांत धडे आणि संशयित कुत्र्याची खबर द्यायला दूरध्वनी सेवा ठेवली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. कुत्री मारून हे कधीच साधलं नव्हतं. मारलेल्या कुत्र्यांची जागा नवी, लस न टोचलेली कुत्री घेत.

नाही लागत, हेही सांगायला हवं

अर्धवट माहिती रोगाइतकीच महाग पडते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर लम्पी पसरला. गुरांच्या अंगावर गाठी पाहून कित्येक घरांनी दूध बंद केलं. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून निर्धास्त पिता येतं. २०२० च्या फेब्रुवारीत कोरोना कोंबडीतून येतो अशी अफवा व्हॉट्सअॅपवर फिरली आणि महाराष्ट्रात कोंबड्यांचे भाव इतके कोसळले की काही शेतकऱ्यांनी त्या फुकट वाटल्या. बर्ड फ्लूच्या काळातही नीट शिजवलेलं, आतपर्यंत ७० अंशांवर तापलेलं चिकन आणि अंडं सुरक्षित असतं. पिसाळलेल्या म्हशीचं दूध प्यायल्याचं कळून अख्खं गाव इंजेक्शनाला रांग लावतं, असंही अधूनमधून घडतं. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. आरोग्य खात्याने काय टाळा हे सांगताना काय बिनदिक्कत खा-प्या हेही त्याच श्वासात सांगितलं, तर पुढच्या वेळी लोक त्याचं ऐकतील.

नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. माणसाचा डॉक्टर, जनावराचा डॉक्टर आणि वनाधिकारी यांनी एकाच टेबलावर बसावं, ही त्यामागची कल्पना. ती नागपुरात रुजेल तेव्हा रुजेल. तालुक्याला आज हे तिघं वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसतात आणि एकमेकांचे फोन नंबरही बहुधा ठेवत नाहीत. हे ग्रामपंचायत बदलू शकते. पंचायतीच्या फळ्यावर तीन नंबर ठळक लिहून ठेवावेत: जनावर आजारी पडलं किंवा मेलं तर पशुवैद्यकीय हेल्पलाइन १९६२, रानात माकड वा पक्षी मेलेला दिसला तर वन विभागाचा १९२६, आणि माणसाला ताप आला तर आपल्या आशाताईचा मोबाईल. ग्रामसभेत दर डिसेंबरला, काजूचा हंगाम सुरू होण्याआधी, आणि दर जूनला, लावणीच्या आधी, पशुधन पर्यवेक्षक आणि आरोग्य सेविका दोघांनाही एकत्र बोलवावं. त्यांना विचारायचे प्रश्न या प्रकरणात आले आहेत. हे पुस्तक मिटण्याआधी निदान ते तीन नंबर आपल्या फोनमध्ये घालून घ्या.